रंगकाच आणि दख्खनचा उजेड

(माकणी, जिल्हा धाराशिव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय घ्यावा, एवढीच चालकांची अपेक्षा होती. बाकी विषयाच्या निवडीची पूर्ण मुखत्यारी त्यांनी मला दिली. तिचा फायदा घेऊन मी रंगीत काचेच्या चित्रांचा, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘स्टेन्ड ग्लास’ म्हणतो त्या कलेचा, आणि ती कला साधणाऱ्या कलावंताच्या प्रेरणांचा विषय आज निवडला आहे. ही कला पाहायची तर मुंबईची जुनी चर्चे पाहावीत, संस्थानिकांचे राजवाडे पाहावेत, फार तर परदेशची वाट धरावी. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात, जिथल्या जुन्या माळवदाच्या घरांना झरोका आणि साणे यांपलीकडे उजेडाची वाट क्वचितच ठेवलेली असे, तिथे तिची चर्चा कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असल्यास ती रास्त आहे.

परंतु ज्या तेरणेच्या पाण्यावर माकणीचे धरण उभे आहे, त्याच तेरणेच्या वरच्या अंगाला तेर आहे; आणि ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले तगर नावाचे जे व्यापारी नगर वर्णिले आहे, ते हेच तेर, असा विद्वानांचा निर्णय आहे. त्याच ग्रंथात भडोचच्या बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी दिलेली आहे, आणि त्या यादीत तांबे आहे, कथील आहे, शिसे आहे व कच्ची काचही आहे. काचचित्राच्या खिडकीला जे चार जिन्नस मुख्यत्वेकरून लागतात ते चारही, अशा रीतीने, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या प्रांताच्या व्यापारात नोंदलेले आहेत; आणि तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात जे प्राचीन मणी जपून ठेवले आहेत त्यांत काचेचेही मणी आहेत. आपल्या पूर्वजांनी काचेतून उजेड पाहिला होता. तिची खिडकी मात्र त्यांनी केली नाही. त्यांनी काच गळ्यात घातली, हातात भरली, आणि उजेडाचा बंदोबस्त दगडाकडे सोपविला.

माझे म्हणणे प्रथमच मांडतो, म्हणजे पुढील तपशील ऐकताना त्याला कसोटी लावणे आपल्याला सोपे जाईल. चित्रकार कोऱ्या फलकावर रंग चढवीत जातो, आणि त्याच्या प्रत्येक फटकाऱ्यानिशी चित्रात काहीतरी अधिक येते. काचचित्रकाराच्या खिडकीत मात्र काम आरंभण्यापूर्वीच सगळा सूर्य हजर असतो, आणि त्याने बसविलेली प्रत्येक काच त्या सूर्याचा काही अंश अडवून उरलेला आत सोडते. तांबडी काच तांबडा रंग उत्पन्न करीत नाही; तांबड्यावाचून बाकीचे बहुतेक सारे ती बाहेर थोपवून धरते. रात्रीच्या पाळीला कालव्याचे पाणी दारे धरून एकेका वाफ्यात सोडणारा शेतकरी पाणी निर्माण करीत नाही. कोणते दार मोडायचे आणि कोणते बांधायचे, एवढेच त्याच्या हाती असते, आणि तरीही पिकाचा भरणा त्या निर्णयावरच ठरतो. काचचित्रकाराचे उजेडाशी असलेले नाते नेमके या प्रकारचे आहे. त्याची प्रतिभा ही नकाराची प्रतिभा होय. हे जर खरे असेल, तर जिथे उजेड मुळातच मोजका त्या उत्तर युरोपात वाढलेली ही कला, जिथे उजेडाचा अतिरेक आहे त्या दख्खनच्या पठारावर परकी न ठरता उलट अधिकच अन्वर्थक ठरावयास हवी होती. ती तशी का ठरली नाही, आणि यापुढे कशी ठरू शकेल, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे.

उजेड अडविण्याचे शास्त्र आपल्याकडे नव्हते असे मात्र कोणी समजू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात जो शिरला असेल त्याने अनुभवले असेल की, दर्शनी भिंतीवरील एकाच नालाकृती गवाक्षातून आलेला उजेड लाकडी कमानींच्या खालून सरकत थेट स्तूपापर्यंत पोहोचतो आणि दोहो बाजूंच्या खांबांमागील वाटा संधिप्रकाशात राहतात. सबंध डोंगर कोरून काढणाऱ्या त्या स्थपतींना आणखी दहा गवाक्षे कोरणे अवघड नव्हते, पण त्यांनी ती कोरली नाहीत, आणि न कोरण्यातच त्यांचे कौशल्य आहे. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) बीबीच्या मकबऱ्यातील संगमरवरी जाळ्या हे त्याच विद्येचे निराळे रूप. आणि आपल्या जिल्ह्यातील नळदुर्गाचा पाणीमहाल तर सर्वांच्या परिचयाचा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर बांधलेल्या त्या बंधाऱ्याच्या पोटातच दालन काढलेले आहे. पावसाळ्यात नदी बंधाऱ्यावरून कोसळू लागली म्हणजे दालनाच्या कमानदार खिडक्यांसमोर पाण्याचा पडदा उभा राहतो, आणि बाहेरचा उजेड त्या पडद्यातून गाळून, हलता होऊन, आत येतो. मुद्दाम योजलेल्या माध्यमातून उजेड गाळून घेणे ही जर काचचित्राची व्याख्या धरली, तर पाणीमहाल हा त्याचा अगदी जवळचा आप्त ठरतो. गोव्यात व कोकणपट्टीत जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांची पापुद्र्यासारखी पातळ तावदाने बसवीत, तीही याच कुळातली. ऊन थोपवून केवळ दुधी प्रकाश आत घेणारी.

आता प्रत्यक्ष कारागिरीकडे वळू. कारण या कलेत प्रेरणा आणि कारागिरी यांची वाटणी करणे केवळ अशक्य आहे. खिडकीचे माप घेऊन कलावंत प्रथम लहान प्रमाणात रंगीत आराखडा करतो, आणि तो मंजूर झाला म्हणजे खिडकीच्या पूर्ण मापाचा मसुदा काढतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओफिलस या मठवासी लेखकाने कलांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात हा मसुदा खडू फासलेल्या लाकडी फळीवर आखावा असे सांगितले आहे; पुढे फळीची जागा कागदाने घेतली, इतकाच काय तो फरक. त्या मसुद्यावर प्रत्येक तुकड्याची हद्द व शिशाच्या पट्टीचा मार्ग आखला जातो, आणि मग कलावंत काचा निवडावयास बसतो. कोबाल्टने निळी, मँगनीजने जांभळी, लोखंडाने हिरवट किंवा पिवळसर, तांब्याने परिस्थितीनुसार हिरवी अथवा माणकासारखी लाल, आणि सोन्याच्या अत्यल्प अंशाने गुलाबी अशी काच भट्टीतच रंगून येते; म्हणजे रंग काचेवर नसून काचेच्या अंगात असतो. लाल काच तर इतकी दाट उतरे की तिच्यातून उजेडच येईना, तेव्हा मध्ययुगातील कारागिरांनी साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढविण्याची युक्ती काढली. अगदी तांबड्यालाही किती तांबडे होऊ द्यावयाचे, याचा हा नकार!

पूर्वी तापलेल्या लोखंडाने काच तडकवून तिच्या कडा कुरतडीत. पुढे हिरकणी आली, आणि एकोणिसाव्या शतकात पोलादी चाकाची कातणी आली. तुकडे कापून झाल्यावर चेहऱ्याच्या रेषा, वस्त्रांच्या चुण्या व छाया यांसाठी लोखंडाची किंवा तांब्याची भस्मे काचेच्या पुडीत मिसळून, डिंकाच्या पाण्यात कालवून काचेवर चढवितात आणि सहाशे अंश सेल्सियसच्या वरच्या आचेवर भाजून ती काचेशी एकजीव करतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी चांदीच्या क्षाराने काचेला पिवळी झाक देण्याची विद्या युरोपात पसरली, आणि एकाच तुकड्यावर शुभ्र मुख व सोनेरी केस दाखविणे शक्य झाले. मग दोन्ही अंगांना खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवावयाचे, प्रत्येक सांध्याला कथील-शिशाचा डाख द्यावयाचा, आणि शेवटी जवसाचे तेल, खडूची भुकटी व काजळी यांची लांबी पट्टीच्या फटींत दाबून भरावयाची, म्हणजे वारा-पावसाला अटकाव होतो. खिडकी उभी राहताना तिचा भार लोखंडी गजांवर टाकला जातो. या यादीतील जवस, खडू, काजळी, डिंक, कथील यांपैकी कोणता जिन्नस लोहाऱ्याच्या किंवा उमरग्याच्या बाजारात अपरिचित आहे?

या कलावंताला प्रेरणा कोठून मिळते, असे जेव्हा विचारले जाते तेव्हा विचारणाराच्या मनात बहुधा कोणा अलौकिक क्षणाची कल्पना असते. माझ्या मते त्याची पहिली प्रेरणा म्हणजे भिंतीतील भोक. ते कोणत्या दिशेला आहे, त्याच्या बाहेर झाड आहे की दुसरी इमारत, आत बसणारा माणूस त्याच्याकडे सकाळी पाहणार की सायंकाळी, दहा फुटांवरून पाहणार की साठ, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्याला चित्र सुचूच शकत नाही. चित्रकाराचे चित्र एका दालनातून दुसऱ्या दालनात हलविता येते. काचचित्र जागचे हलले की निम्मे मरते. फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथीड्रलच्या बाराव्या-तेराव्या शतकांतील निळ्या काचांची कीर्ती जगभर आहे. परंतु त्या निळाईचे निम्मे श्रेय तिथल्या ढगाळ आकाशाला आणि गाभाऱ्यातील अंधाराला द्यावे लागेल. निळा रंग आपली हद्द ओलांडून शेजारच्या काचांवर पसरतो व तांबडा आपल्या हद्दीत राहतो, हे निरीक्षण व्हिओले-ल-द्युक या फ्रेंच वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकात सविस्तर मांडले. जुन्या कारागिरांना ते शास्त्र म्हणून ठाऊक नसेल, पण निळ्याभोवती पांढऱ्या मण्यांची कड घालून त्याला आवरावे हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

दुसरी प्रेरणा शिशाची. नवशिक्याला वाटते की काळ्या रेषा ही या कलेची लाचारी आहे. मुरलेल्या कलावंताला त्याच रेषा चित्राचा सांगाडा म्हणून दिसतात. काच आतल्या बाजूने खोल वळणात कापू गेले की ती हटकून तडकते, म्हणून आकृतीची वळणे काचेला मानवतील अशीच योजावी लागतात. चेहऱ्याच्या मधून पट्टी जाता कामा नये, म्हणून ती हनुवटीखालून, केसांच्या कडेने, खांद्यावरून फिरवावी लागते. या अडवणुकीतून जी ठाम, ठसठशीत, अवांतर टाकून दिलेली रेषा निपजते, ती केवळ कुंचला हाती असलेल्याला सहसा सुचत नाही. इंग्लंडात विल्यम मॉरिस याने १८६१ मध्ये जी संस्था काढली, तिच्यासाठी एडवर्ड बर्न-जोन्स आकृत्या काढून देई आणि कोणता रंग कोठे यावा व शिसे कोठून जावे याचा निर्णय पुष्कळदा मॉरिस घेई. दोघांच्या कामात श्रेष्ठ कोणते, हे त्या खिडक्यांपुढे उभे राहिल्यावर सांगता येत नाही. पुढे ख्रिस्तोफर व्हॉल याने १९०५ च्या आपल्या पुस्तकात आग्रहच धरला की ज्याने आराखडा काढला त्यानेच काच निवडावी, रंगवावी आणि शिशात बसवितानाही हजर असावे. कारखान्यातील श्रमविभागाविरुद्ध दिलेला तो लढा होता, आणि त्याचे म्हणणे आजही खरे आहे.

तिसरी प्रेरणा कथेची आणि चौथी स्मरणाची. आणि या दोहोंना महाराष्ट्रात उदाहरणे आहेत. कुलाब्याचे सेंट जॉन चर्च, ज्याला मुंबईकर अफगाण चर्च म्हणतात, पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ उभारले गेले व १८५८ मध्ये त्याचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. त्यातील काचचित्रे न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स याच्या कारखान्यातून आली. मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहाचा व राजाबाई मनोरा-ग्रंथालयाचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने इंग्लंडात बसून केला, हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही. सभागृहाच्या वर्तुळाकार खिडकीत बारा राशींची चित्रे काचेत मांडलेली आहेत, आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावे उभ्या राहिलेल्या मनोऱ्याचे काम १८७८ मध्ये पुरे झाले. या काचा सुंदर आहेत यात वाद नाही. पण त्या जिथे आल्या तिथल्या सूर्याशी त्यांच्या कर्त्यांची भेट झालेली नव्हती, हेही तितकेच खरे.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याची गोष्ट थोडी निराळी आणि आपल्याला अधिक जवळची. मेजर चार्ल्स मँट याने त्याचा आराखडा केला, १८७७ ते १८८४ या काळात तो बांधला गेला, आणि वास्तू पुरी होण्यापूर्वी, १८८१ मध्ये, मँट निवर्तला. राजवाड्याच्या दरबारगृहाच्या कमानींत शिवचरित्रातील प्रसंग काचेत चितारलेले आहेत. ज्या माध्यमात युरोपने आपल्या संतांची चरित्रे सांगितली, त्याच माध्यमात छत्रपतींचे चरित्र सांगितले जावे, या घटनेचे महत्त्व आपल्या कलासमीक्षेने अद्याप पुरतेपणी ओळखलेले नाही. मँटनेच आरंभिलेल्या आणि रॉबर्ट चिझम याने १८९० मध्ये पुऱ्या केलेल्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातही पौराणिक देवदेवतांची काचचित्रे आहेत; म्हणजे कोल्हापूरकर व गायकवाड या दोन्ही मराठी दरबारांनी परक्या तंत्राला आपली कथा सांगावयास लावले. कथा बदलली, उजेडाचा हिशेब मात्र कोणी नव्याने मांडला नाही.

तो हिशेब असा. शार्त्र अठ्ठेचाळिसाव्या अक्षांशावर आहे. माकणी अठराव्याच्या आसपास. शार्त्रला ऐन उन्हाळ्यातही सूर्य माथ्यावर येत नाही, म्हणून उभ्या खिडकीतून तो दिवसभर तिरपा आत शिरू शकतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि उभ्या भिंतीतील खिडकीला त्या वेळी ऊन लागतच नाही. जमिनीवरून परतलेला पांढरा झगझगाट तेवढा मिळतो. उलटपक्षी सकाळ-संध्याकाळी पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांवर ऊन असे सरळ आदळते की फिकट काच पार धुऊन निघते आणि तिच्यावरील बारीक रेषाकाम दिसेनासे होते. त्यात आपल्या इमारती हवेसाठी चहूकडून उघड्या, व्हरांड्यांनी वेढलेल्या. दारे उघडी राहिली की आतला उजेड वाढतो, आणि काचचित्राला तर अंधार लागतो. आतला उजेड बाहेरच्या उजेडाच्या बरोबरीला आला की काच निस्तेज दिसते. यावरून दख्खनच्या काचचित्राची काही सूत्रे माझ्या अल्पमतीप्रमाणे निघतात: खिडकी लहान असावी आणि काच दाट, भव्य पश्चिम-खिडकीचा हव्यास सोडून उत्तरेचा शांत उजेड आणि हिवाळ्यातील दक्षिणेचे कललेले ऊन यांवर भिस्त ठेवावी, काच व्हरांड्याच्या सावलीत न लपविता खोल कमानीत बसवावी, आणि रंगांच्या मांडणीत जाळीचा धडा घेऊन बराच भाग अपारदर्शक ठेवण्यास भिऊ नये. कार्ल्याच्या स्थपतींनी हे काचेवाचूनच सिद्ध करून ठेवले आहे.

विसाव्या शतकाने या कलेला आणखी एक मोकळीक दिली. आंरी मातिस याने वृद्धापकाळी, आजारी असताना, फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्हांस गावच्या प्रार्थनामंदिरासाठी खिडक्या केल्या. ते मंदिर १९५१ मध्ये पुरे झाले. त्या खिडक्यांत कोणा संताचे चरित्र नाही. पिवळा, हिरवा व निळा एवढे तीनच रंग आणि कागद कात्रीने कापून सुचलेले पानांसारखे आकार आहेत, आणि तरीही शुभ्र भिंतीवर व फरशीवर पडणारा त्यांचा उजेड हाच त्या मंदिराचा खरा अलंकार आहे. ऊन भरपूर असलेल्या प्रदेशात त्याने रंगांची संख्या कमी केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मार्क शागाल याने जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातील सिनेगॉगसाठी इस्राएलच्या बारा कुळांच्या बारा खिडक्या केल्या, त्यांचे उद्घाटन १९६२ मध्ये झाले. तिथे मनुष्याकृती काढावयाची नाही ही परंपरेची अट त्याने मानली, आणि पशू, पक्षी, मासे, फुले यांच्याकडूनच सारे बोलवून घेतले. या दोघांपासून आपल्या तरुण कलावंतांनी एक गोष्ट घ्यावी: स्थळाने आणि समाजाने घातलेली अट ही प्रेरणेची शत्रू समजू नये. सूर्य फार आहे ही आपल्या भूमीची अट आहे. तिच्याशी भांडत बसल्याने काही निष्पन्न होणार नाही.

या कलेतील एका वर्गाचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. तो म्हणजे जुन्या काचांची निगा राखणारांचा वर्ग. समुद्रकाठच्या हवेने गज गंजतात, गंज फुगून दगडाला आणि काचेला तडे देतो. उन्हाने शिसे पसरते, रात्री आकसते, वर्षानुवर्षांच्या या ताणाने खिडकीला पोट सुटते. लांबी झडून गेली की पावसाचे पाणी आत झिरपते. अशा खिडकीची दुरुस्ती करणाराला प्रथम तिचा छायाचित्रांसह तपशीलवार दस्तऐवज करावा लागतो, तुकड्यांना क्रमांक द्यावे लागतात, तडकलेली काच फेकून न देता जोडावी लागते, आणि जिथे नवी काच घालणे भाग पडेल तिथे ती नवी आहे हे पुढील दुरुस्तकाला ओळखता येईल अशी नोंद ठेवावी लागते. राजाबाई मनोरा व ग्रंथालय यांची जी दुरुस्ती २०१५ मध्ये पुरी झाली, तीत काचांचे काम स्वाती चंदगडकर यांनी केले. मुंबईच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगच्या काचाही त्यांच्याच हातून नव्या तेजाने उभ्या राहिल्या. एका मराठी कलावतीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या परदेशी कारागिरांचा हात ओळखावा, आणि आपला हात त्यात उमटू न देता त्यांचे काम पूर्ववत करावे, ही आत्मविलोपनाची साधना मला स्वतंत्र निर्मितीइतकीच मोलाची वाटते. उजेडाला नकार देणारी ही कला अखेरीस कर्त्याच्या अहंकारालाही नकार द्यावयास शिकविते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

याच्या उलट टोकाला बाजारात सध्या ‘ग्लास पेंटिंग’ या नावाने जे चालते ते आहे: साध्या काचेवर नळीतून काळी कड काढावयाची आणि तिच्या आत बाटलीतील रंग ओतावयाचा, किंवा रंगीत चकाकता कागद चिकटवून दरवाजा सजवावयाचा. मुलांच्या हौसेला माझी हरकत नाही. हात वळण्यासाठी ते उपयोगीही आहे. परंतु तिथे शिसे कशालाही धरून ठेवीत नाही, रंग भट्टीतून गेलेला नाही, आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे याची चौकशी कोणी केलेली नाही. ज्या कामात दिशेची चौकशी नाही ते काचचित्र नव्हे, एवढा भेद चित्रकलेच्या वर्गात तरी स्पष्ट केला जावा.

आता शेवटची विनंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर या भागातील कित्येक गावे नव्याने बांधली गेली. मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांनी केलेला घात आपण विसरलेला नाही, आणि नव्या घरांच्या खिडक्या मोठ्या झाल्या, उजेड वाढला, हे योग्यच झाले. पण घरात उजेड आला म्हणजे उजेडाचा विचार आला असे होत नाही. शाळेची, वाचनालयाची, ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहते तेव्हा अंदाजपत्रकात फरशीचा, रंगाचा, दरवाजांचा तपशील असतो; त्यात एका लहान तावदानाची रक्कम धरली जावी. ते चार हात लांब-रुंद नसले तरी चालेल. हातभर असावे, पण खऱ्या काचेचे, खऱ्या शिशात बसविलेले असावे. विषय दूरवर शोधावयास नको: तेरचे मणी आहेत, नळदुर्गचे पाणी आहे, तेरणेचा प्रवाह आहे, आणि भट्टीच्या आचेशी जन्माचे नाते असलेले संत गोरा कुंभार, म्हणजे आपले गोरोबाकाका, तर याच नदीकाठचे. आराखडा शाळेतील मुलांकडून मागवावा, काम एखाद्या जाणत्या कलावंताच्या देखरेखीखाली गावच्याच कारागिराकडून करून घ्यावे, आणि त्या निमित्ताने दोन-चार तरुणांनी ही विद्या रीतसर शिकून घ्यावी. ज्यांच्या नावाने आपण दरवर्षी इथे जमतो त्यांचे स्मारक म्हणून माझ्या मते एवढे पुरे आहे. एकच सूचना: ते तावदान कोणत्या भिंतीत बसवावयाचे हे इमारतीचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी ठरवा, नंतर ठरवू गेल्यास भिंत मिळेल, पण दिशा मिळणार नाही.